ओला दोरा

आमच्या लोकांच्या कलेबद्दल लिहायचं म्हटलं की लिहिणारा ढोलकी, तमाशा, जलसा आणि भीमगीतं एवढ्यावर येऊन थांबतो. ते खोटं नाही. वामनदादा कर्डक १९२२ साली जन्मले, २००४ साली गेले, मधल्या काळात त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि ती पुस्तकांच्या आधी लोकांच्या तोंडात पोचली. पण जी कला स्टेजवर चढत नाही, जिला पेटी लागत नाही आणि टाळी मिळत नाही, जी दुपारी भांडी घासून झाल्यावर दोन ते चारच्या मधे होते, तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. मला त्या दोन ते चारबद्दल लिहायचं आहे. त्या वेळात माझी आई वाकळ शिवायची.

वाकळ म्हणजे गोधडीच. शिकली-सवरलेली माणसं गोधडी म्हणतात, आमच्या साताऱ्याकडच्या बायका वाकळ म्हणतात. आम्ही राहायचो वरळीच्या बी.डी.डी. चाळीत. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या चाळी. १६० चौरस फुटांची खोली, दोन्हीकडच्या खोल्यांच्या मधनं अंधारा लांबलचक पॅसेज, आणि संडास सगळ्यांचे मिळून. खोलीत आम्ही नऊ माणसं. वाकळ अंथरायची तर अख्खी खोली रिकामी करायला लागायची, म्हणून पावसाळा सोडला तर आई गाठोडं काखेत मारून खाली पटांगणात जायची. तिच्यासारख्या अजून तिघी-चौघी यायच्या. कुणाचं गहू निवडणं, कुणाचं डोकं बघणं, आणि आईची वाकळ.

आधी चिंध्यांचं गाठोडं सुटायचं. बापाचे मिलमधल्या घामानं विरलेले सदरे, आमच्या शाळेच्या खाकी चड्ड्या, कुणाचं पोलकं, कुणाचं धोतर. गुंड्या काढून डालड्याच्या डब्यात. शिवणी उसवून कापड सपाट करायचं, कारण शिवण राहिली तर सुई अडते आणि निजणाऱ्याच्या अंगाला टोचते. मग खाली एक जुनं लुगडं अंथरायचं. त्याच्यावर तुकडे लावायचे, एकाच्या कडेवर दुसऱ्याची कड जराशी चढवून, कुठं जाड कुठं पातळ होणार नाही असे. वरनं दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा. मग लांब लांब टाके घालून सगळं जागेवर धरायचं. त्याच्यानंतर खरं काम, धावदोरा. कडेपासून सुरुवात, बोटभर अंतर सोडून दुसरी ओळ, मग तिसरी, चौकोनात चौकोन करत मधे यायचं. रोजच्या दोन तासांच्या हिशेबानं एक मोठी वाकळ महिना-दीड महिना चालायची. डावा हात खाली असायचा. सुई वर दिसते, खाली कुठं निघाली ते दिसत नाही, ते डाव्या हाताच्या बोटाला टोचल्यावरच कळतं. आईच्या डाव्या हाताची तर्जनी शेवटपर्यंत किसणीसारखी खरबरीत होती. लहानपणी ती पाठ खाजवायची तेव्हा आम्ही तेच बोट मागायचो.

वरचं लुगडं जिथं फाटलेलं असेल तिथं रंगीत ठिगळ. कुठला रंग कुठं, ह्याचा आई फार विचार करायची. एक ठिगळ ठेवायची, उठून चार पावलं मागं जायची, डोळे बारीक करून बघायची, परत येऊन उचलायची. हे मी कितीदा बघितलंय. पुढं जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या एका प्रदर्शनात पोरंपोरी चित्रापासनं अशीच मागं जाऊन डोळे बारीक करताना दिसली तेव्हा मला हसू आलं. आई लाल तुकडा मधे कधी लावायची नाही, कडेला लावायची. विचारलं तर म्हणायची, "मधी लाल टाकला का डोळा तितंच आडकतू. बाकीच्या रंगांनी काय घोडं मारलंय?"

रात्री अंगावर वाकळ घेतली की आम्ही भावंडं बोटानं चाचपून ओळखायचो. हा बापाचा सदरा. ही माझी तिसरीतली चड्डी. एका वाकळीत बरोबर मधे, वरनं दिसत नाही अशा ठिकाणी, एक छोटा झबल्याचा तुकडा होता. माझ्या पाठची बहीण दीड वर्षाची होऊन गेली, तिचं झबलं. आईनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण शिवताना मी शेजारी बसलो होतो आणि त्या तुकड्यापाशी तिचे टाके बारीक झाले होते, एवढं मला दिसलं.

आजीचं एक पांढरं लुगडं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा आजी मुंबईहून रेल्वेनं गेली होती. पांढरं नेसून या असं सांगणं होतं, म्हणून उसनवारी करून तिनं ते घेतलेलं. आजी गेल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न आला. चुलती म्हणाली, फोटोखाली घडी करून ठेवू. आईनं ऐकलं नाही. तिनं ते वाकळीला लावलं, तेही वर लावलं नाही, अंगाला लागतं त्या बाजूला लावलं. म्हणाली, "वरनं दिसाया कशाला पायजे? अंगाला लागाया पायजे." त्या वाकळीत आमच्या घरातली चार पोरं वाढली.

१९७८ च्या सुमाराला आम्ही पाच-सहाजण मिळून एक अनियतकालिक काढायचो. सायक्लोस्टाईल. 'गोलपिठा' येऊन सहा वर्षं झाली होती, 'बलुतं' त्याच साली आलं होतं, आम्ही पेटलेलो होतो. प्रत्येकाच्या कवितेत आग, वणवा, ज्वालामुखी. मी एकदा वाकळीवर दीड पान लिहून नेलं. एक मित्र वाचून म्हणाला, "चांगलं आहे. पण ह्यात विद्रोह कुठाय? गोधडी काय घेऊन बसलास?" तो माणूस प्रामाणिक होता आणि त्याचा प्रश्नही. मी त्याला १९७४ ची आठवण दिली. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा झाली, तिच्यावर दगड आले, आणि पुढं कित्येक दिवस चाळी चाळींच्या अंगावर धावत होत्या. त्या दिवसांत आईनं खिडकीला वाकळ टांगली होती, दुपदरी, पाण्यात भिजवून. ओली वाकळ जड होते. दगड लागला की धप् असा आवाज होतो आणि दगड तिथंच खाली पडतो, आत येत नाही. पेटता बोळा आला तर विझतो. आमच्या मजल्यावर त्या आठवड्यात बऱ्याच खिडक्यांना वाकळी दिसत होत्या. मित्र ऐकून गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे लिही की." मी म्हणालो, हे लिहीनच, पण बाईनं लाल तुकडा मधे लावला नाही तेही लिहीन. दंगल आठवडाभर होती, वाकळ रोज होती.

तो अंक कसा निघायचा ते आज सांगायला पाहिजे, कारण ती यंत्रं आता भंगारातही दिसत नाहीत. मेणाचा कागद टाइपरायटरवर चढवायचा, रिबन बाजूला करायची आणि ठोकायचं. अक्षर म्हणजे मेणाला पडलेली चीर. तिच्यातनं शाई खालच्या कागदावर झिरपते. जास्त जोरात मारलं तर 'ठ'च्या पोटातला गोळा सुटून पडायचा आणि सगळ्या अंकात 'ठ'चा काळा ठिपका यायचा. चुकलं तर लाल औषध लावायचं, फुंकर मारून वाळवायचं, परत ठोकायचं. चित्रं लोखंडी टोकदार लेखणीनं कोरायची. यंत्र एका युनियनच्या कचेरीतलं, रात्री आठनंतर मिळायचं. सकाळी आमची बोटं, नखं, कानाची पाळीसुद्धा काळी.

प्रश्न बांधणीचा होता. बावीस-चोवीस पानांत आमची साधी पिन घुसत नव्हती आणि मोठी मशीन कुणाकडे नव्हती. दोनशे अंकांचा गठ्ठा मी घरी आणला. आईनं बघितला, दाभण काढलं, तीन भोकं पाडली आणि मधल्या भोकातनं सुई घालून वर-खाली करत गाठ मारली. म्हणाली, "हे तर उश्याचं काम." दोन दुपारीत दोनशे अंक झाले. त्यानंतरचे सगळे अंक तिनंच शिवले. तिला वाचता येत नव्हतं. शिवताना विचारायची, ह्यात काय लिवलंय? मी वाचून दाखवायचो. एका अंकात एकाची आईच्या फाटक्या लुगड्यावर मोठी कविता होती. आईनं शेवटपर्यंत ऐकली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "फाटलं व्हतं तर शिवायचं की. पोरगं नुसतं बघतच बसलंय." मी हे त्या कवीला सांगितलं. त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही, उलट पुढच्या अंकाच्या वेळी स्वतः येऊन आईकडनं बांधणी शिकला.

दोरा सुईत ओवायच्या आधी आई त्याचं टोक तोंडात धरायची, जिभेनं ओलं करायची, दोन ओठांतनं ओढून काढायची. टोक ताठ आणि अणकुचीदार व्हायचं. जगातली कुठलीही बाई असंच करते. तुम्ही म्हणाल, ह्यात लिहिण्यासारखं काय? आमच्या घरात होतं, कारण बाप मिलमध्ये होता.

बाप रिंग खात्यात होता. त्याचा बापही तिथंच. मुंबईच्या कापड गिरण्यांत आमच्या लोकांना सूतकताईच्या बाजूला कामं मिळायची, विणकामाच्या खात्यात घेत नसत. विणकामाला पगार जास्त होता. न घेण्याचं कारण असं. मागावर धोटा पळतो, धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या बारीक भोकातनं सुताचं टोक बाहेर काढायला तोंड लावून श्वासानं ओढायचं. एकाच धोट्याला वेगवेगळ्या पाळ्यांतल्या माणसांची तोंडं लागायची. आमचं तोंड लागलं तर विटाळ. बास, एवढंच कारण. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ह्याच गोष्टीवर बोट ठेवलं, विणकामाचं दार आमच्या माणसांना उघडं करा ही मागणी संपाच्या मागण्यांत यायला पाहिजे म्हणून पुढाऱ्यांकडे आग्रह धरला. बाप मिलमध्ये लागला तेव्हा घटना येऊन काही वर्षं झाली होती. अस्पृश्यता कागदावरनं गेली होती. त्याच्या मिलमध्ये तरी खाती जुन्याच वळणानं चालली होती. तो म्हणायचा, "सूत आमी काढायचं. आमच्या हाताचं सूत चालतंय, तोंडाचं न्हाय चालत." आणि ते सूत विणून झालेलं कापड सगळी दुनिया अंगाला लावायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप रीतसर मागं कधी घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. आमच्या घरात सहा महिन्यांत भांडी गेली, घड्याळ गेलं, रेडिओ गेला. बाप गावाकडं जाऊन मजुरी करून आला. तेव्हा आईनं पहिल्यांदा पैशासाठी वाकळी शिवायला घेतल्या. लोकांची कापडं, लोकांचा दोरा, हात आईचा. एका वाकळीचे वीस रुपये. चाळीबाहेरच्या एका बऱ्या घरातल्या बाईनं तीन वाकळींची लुगडी दिली. जुनी पण चांगली, एकदोन तर रेशीमकाठी. बाई बोलायला गोड होत्या, चहा द्यायच्या, कप वेगळा होता पण चहा चांगला होता. लुगडी देताना म्हणाल्या, "एक सांगू का, दोरा तेवढा तोंडात घालू नका हं. आमच्याकडं लहान बाळ आहे."

आई घरी आली आणि तिनं एका वाटीत पाणी घेतलं. त्यात बोट बुडवून दोरा ओला करू लागली. पाण्यानं दोरा फुगतो, पीळ सुटतो, टोकाला केस फुटतात. थुंकीचा चिकटपणा पाण्यात नसतो. एकदा ओवायला जिथं क्षणभर लागायचा तिथं चार-चारदा बोट वाटीत जायचं. पटांगणात बसलेल्या बायका बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. वाटी कशाला हे एकीनंही विचारलं नाही, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. बाप कट्ट्यावरनं बघायचा. संपात बसलेल्या माणसाला बघण्याशिवाय काम नव्हतं. अशा दोन वाकळी झाल्या. चाळीस रुपये आले, त्याचं रेशन आलं.

तिसऱ्या वाकळीची लुगडी आईनं आणली होती तशी घडी करून परत नेऊन दिली. तिथं काय बोलली ते आम्हाला कधी कळलं नाही. परत आल्यावर बाप भडकला. "वीस रुपयं हायती का घरात? वाटीतलं पानी काय आन् तोंडातला थुका काय, पैसं सारखंच!" आई चूल पेटवत होती. म्हणाली, "तुमास्नी मागावर घेतलं न्हाय. ते तुमच्या हातात न्हवतं. सुई माज्या हातात हाय." बाप गप्प झाला. उठून बाहेर गेला तो रात्री उशिरा आला. त्या आठवड्यात आम्ही नुसत्या कण्या शिजवून खाल्ल्या. वीस रुपये म्हणजे त्या वेळी काय होतं हे ज्यांनी तो संप काढला त्यांना सांगायला नको. म्हणून मी ह्या गोष्टीचा उगाच गौरव करत नाही. धाकटा भाऊ त्या कण्या खाऊन रडला होता, हेही तितकंच खरं आहे. पण आईच्या सुईला त्यानंतर वाटी कधी लागली नाही. गिऱ्हाइकं पुढंही आली. येणाऱ्याला आई आधीच सांगायची, माझा हात असा आहे, चालत असंल तर कापड ठेवा. निम्मी ठेवायची, निम्मी उचलून न्यायची.

आई जाऊन आता वीसेक वर्षं झाली. तिच्या तीन वाकळी आमच्याकडे उरल्यात. मागच्या पावसाळ्यात एकीला बुरशी धरली म्हणून मी ती उसवायला घेतली. आत अजून एक वाकळ निघाली. विरलेल्या वाकळीला फेकून न देता नवीच्या पोटात घालायची पद्धत होतीच, पण ती आत आहे हे मी विसरून गेलो होतो. आतली आजीची होती. ते कुणी सांगायला नको होतं. आजीचा टाका लांब आणि जरा तिरपा, घाईतल्या माणसाचा. आईचा तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ. दोघींनाही सही करता येत नव्हती, दोघी अंगठा लावायच्या. अंगठा कुणाचाही सारखाच दिसतो आपल्याला. टाका दिसत नाही सारखा. मी दोन्ही टाक्यांवर मोजपट्टी ठेवून वहीत आकडे लिहून ठेवले. सुनेनं विचारलं, काय करताय? म्हणालो, आजीची अक्षरं बघतोय.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगली गोष्ट आहे. तिथं आता वाकळ घरातल्या घरात अंथरून शिवता येईल एवढी जागा आहे. शिवणारे हात थोडे राहिलेत. दुसरीकडं मोठ्या दुकानांत आणि प्रदर्शनांत हातानं शिवलेल्या गोधड्या काही हजारांना विकल्या जातात. घेणारा टाके निरखून बघतो, हाताचं काम आहे ना, मशीनचं नाही ना, याची खात्री करून घेतो. दोरा कशानं ओला केला हे कुणी विचारत नाही. विचारत नाही ते बरंच आहे. पण शिवणारीचं नावही चिठ्ठीवर नसतं, ते मला खटकतं.

जात्यावरच्या ओव्यांना गोळा करणारी माणसं भेटली. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायकांनी लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या, गाणारणीच्या नावागावासकट. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी छोटं दुकान चालवता चालवता स्वतःच लिहिलं आणि लिहिलेलं बरीच वर्षं घरच्यांच्या नजरेआड ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन १९८६ ला आलं. त्यांनी ते लपवून का होईना लिहिलं नसतं तर आपल्याला काय काय कळलं नसतं, याचा विचार करा.

म्हणून ह्या अंकाच्या वाचकांना, आणि विशेष करून नव्यानं लिहिणाऱ्या पोरापोरींना, माझं सांगणं आहे. मोठ्या विषयाची वाट बघत बसू नका. तुमच्या घरात कोण काय करतं ते आज संध्याकाळी बघा. आजी वाती कशी वळते, बाप तुटलेली चप्पल कुठल्या तारेनं सांधतो, बहीण उंबऱ्यावर पहिला ठिपका कुठं देते, शेजारची बाई भाकरीच्या कडा कशा दाबते. कुठल्या हातानं करते, करताना काय बोलते, कुठं थांबते, आणि कुणी काय केल्यावर तिनं ते काम परत केलं. बोलली असेल तशीच भाषा ठेवा. खाली तारीख घाला, आणि ती हयात असेल तर तिला विचारून नाव घाला. एक पान झालं तरी पुष्कळ. पाठवून द्या. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आपण इथं बसून बघू.